बसाल तर फसाल

रोम महाग आहे, ही अफवा बसणाऱ्यांनी पसरवली आहे. या शहरात पाहायला फारसे पैसे पडत नाहीत. पडतात ते टेकायला. काउंटरशी उभ्याने घेतलेली कॉफी स्वस्त, तीच टेबलावर आली की भाव चढतो. स्पॅनिश स्टेप्सवर बसायला २०१९ पासून बंदी आहे. दंड ४०० युरोपर्यंत. उलट सान लुइजी देई फ्रान्चेझी चर्चमध्ये काराव्हाज्जोची तीन अस्सल चित्रं फुकट पाहता येतात. अंधार वाटला तर पेटीत नाणं टाकायचं, दिवा लागतो. रस्तोरस्ती सार्वजनिक नळांना थंडगार पाणी वाहतं, तरी बाटलीवर पैसे उधळणारे आहेतच.

कुणी म्हणेल, पँथियनला २०२३ पासून तिकीट आहे आणि कलोसियमही फुकट नाही. कबूल. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्हीकडे प्रवेश मोफत असतो, फक्त रांगेत ताटकळावं लागतं. म्हणजे सवलतसुद्धा उभ्यालाच! पाय दुखतात, ही तक्रार मात्र रास्त. त्यावर उपाय चर्चमधला बाक. तो फुकट आहे. अट एवढीच, की बसणाऱ्याने चेहरा भाविकाचा ठेवावा.