डबा कंपनीचा, चेन कुणाची?

बंद कर, बंद कर आधी ती गाडी. हं. आता ये इकडे कुंपणाशी. कण्हेरीचा चीक लागेल, जरा लांबून.

अरे, रोज सकाळी तू गाडी सुरू केलीस की पहिले तीन-चार सेकंद काय खडखडते ती! मी आत चहा टाकत असते, तरी ऐकू येतं. नंतर गप्प होते ना? झाली गप्प म्हणून तू निघून जातोस, आणि मी इथे जीव मुठीत धरून बसते. तो टेन्शनरचा आवाज आहे. टायमिंग चेन ताठ ठेवणारा दट्ट्या असतो ना, तो इंजिन ऑइलच्या दाबावर बाहेर येतो. गाडी बंद झाली तरी थोडं ऑइल मागे अडून राहावं म्हणून आत एक बारीकशी गोळी असते, झडपेची. ती नीट बसली नाही तर रात्रभरात ऑइल गळून जातं. मग सकाळी दाब येईपर्यंत चेन ढिली, आणि कव्हरच्या आत आपटतेय.

पण गेल्या दिवाळीत तू सगळा किट बदललास ना? नाना पेठेतून आणला होतास, कंपनीच्या निम्म्या किमतीत. वहिनी केवढ्या कौतुकाने सांगत होत्या! डब्यावर होलोग्राम होता म्हणे. होलोग्राम चिकटवायला काय लागतं?

माझी अख्खी नोकरी लॅबमध्ये गेली, तुला माहीत आहे. चेनच्या पिना कापायच्या, बेकलाइटमध्ये बसवायच्या, घासून चकचकीत करायच्या आणि हिऱ्याचं टोक टेकवून खळगा केवढा पडतो ते मायक्रोस्कोपमधून मोजायचं. खळगा लहान म्हणजे पृष्ठभाग कठीण. चांगल्या टायमिंग चेनच्या पिनेवर क्रोमियमच्या किंवा व्हॅनेडियमच्या कार्बाइडचा थर चढवतात. जाडी काही मायक्रॉन, पण सगळी करामत त्याच्यात. आतलं पोलाद चिवट, वरचं कवच कठीण. आता तो थर काढून टाक आणि साधी कडक केलेली पीन घाल. चेन दिसायला तीच, वजनाला तीच, गाडीवर बसतेसुद्धा बरोबर. दुकानात उभं राहून मलाही ओळखता यायची नाही. कापावीच लागेल.

काय म्हणाला तुझा मिस्त्री? ‘चेन ताणली गेली’? सगळे असंच म्हणतात. पोलाद असं रबरासारखं कशाला ताणलं जाईल रे? झिजते ती, पीन आणि बुश एकमेकांवर घासून. आता हिशेब कर. एका सांध्यात मिलिमीटरचा फक्त शंभरावा भाग गेला. चेनमध्ये सांधे शंभर धर. झाली की चेन एक मिलिमीटर लांब! क्रँक दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरला पाहिजे, त्या ठरलेल्या क्षणी व्हॉल्व्ह उघडले पाहिजेत. चेन लांबली की कॅम मागे पडत जातो. अजून लांबली की एखादा दात उडी मारतो, आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत व्हॉल्व्ह सापडतो. तुझ्या ह्या इंजिनात बरेचदा आधी रॉकर तुटतात. नशीब असेल तर तेवढ्यावर भागतं, नाहीतर हेड उतरवावं लागतं.

आणि हे इंजिन कुठलं, ठाऊक आहे का? १२४८ सीसीचं मल्टिजेट. मूळ फियाटचं, पण बनायचं आपल्या रांजणगावात. पुंटोत तेच, टाटाच्या व्हिस्टात तेच. मारुतीने स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये तेच घातलं, ते मात्र तिकडे मानेसरला बनवून. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-सहा आलं तेव्हा मारुतीने ते बंद केलं, पण लाखो गाड्या अजून रस्त्यावर आहेत, त्यात टॅक्सीवाले किती! एवढं गिऱ्हाईक दिसल्यावर नक्कल करणारा गप्प बसेल होय? जे इंजिन खपतं त्याचेच सुटे भाग सगळ्यात जास्त नकली निघतात.

नाही नाही, तसं नाही. ‘बाहेरचा पार्ट म्हणजे भिकार’ असं मी म्हणतच नाहीये. कार कंपन्या सहसा स्वतः चेन बनवतच नाहीत मुळी. जर्मनीची इविस, जपानची सुबाकी, अमेरिकेची बोर्गवॉर्नर, ह्यांच्याकडून घेतात. शेफलरचा इना ब्रँड ऐकला असशील, टेन्शनर आणि बेअरिंगवाला. त्यांचा कारखाना तर इथेच आहे, आपल्या तळेगावात. अशा लोकांचा माल कार कंपनीच्या डब्यात जातो आणि त्यांच्या स्वतःच्या डब्यातही मिळतो, वर स्वस्तात. तो घे की खुशाल! वाईट आहे तो तिसरा डबा. ज्याच्यावर नाव मोठ्याचं आणि आत माल भलत्याचाच.

तो तिसरा माणूस करतो काय, सांगते. बाजारातून एक टेन्शनर आणतो आणि कॅलिपर लावतो. दट्ट्या भरला १२.०१. झालं, त्याने १२.०१ लिहून घेतलं. पण मूळ ड्रॉइंगमध्ये कुठून कुठपर्यंत चालतं, ते त्याला कोण सांगणार? दट्ट्या आणि नळी ह्यांच्यामधल्या फटीतून ऑइल थोडं थोडं गळावं लागतं, मुद्दाम. त्या गळण्यावरच धक्के जिरतात. फट कमी पडली तर चेन ताठ होऊन गाइड खाते, जास्त झाली तर चेन फडफडते. किती गळलं म्हणजे बरोबर हे ठरवायला मूळ कंपनीने इंजिनं महिनोन् महिने टेस्ट बेडवर पळवलेली असतात. ते काही कॅलिपरने मोजता येत नाही.

अजून एक गंमत. चेन जोडून झाली की चांगल्या कारखान्यात ती मुद्दाम जोर लावून ओढतात आणि सोडतात, पिना-प्लेटा आपापल्या जागी बसाव्यात म्हणून. तो टप्पा गाळला तर कारखान्याचा वेळ वाचतो, आणि ते बसणं मग तुझ्या गाडीत होतं. पहिल्या काही हजार किलोमीटरमध्येच चेन लांबते. आणि गाइड? ते नायलॉनचे. चांगला नायलॉन गरम ऑइलला वर्षानुवर्षं दाद देत नाही. भंगारातून वितळवलेला मात्र कडक होतो, तडकतो, त्याचे तुकडे खाली ऑइल पंपाच्या जाळीत. वहिनींना विचार, बाजारातून कुकरची रिंग आणली की दोन महिन्यांत कशी लाकूड होते. रंग तोच असतो.

पण एक बोलू का? सगळा दोष त्या डब्यावर ढकलू नकोस. मिस्त्री म्हणतो, कंपनीची चेन दीड लाख किलोमीटर चालली आणि ही वर्षात बोंबलली. हा हिशेबच खोटा. पहिल्या चेनला नवं इंजिन मिळालं, नवे दाते मिळाले, स्वच्छ ऑइल मिळालं. दुसरीला काय मिळालं? काजळी भरलेलं डिझेल इंजिन. ती काजळी पिनेवर पॉलिश पेपर मारल्यासारखी फिरते. त्यातून तुझ्याकडे स्प्रॉकेट बदलले तरी का? किटमध्ये होते म्हणतोस... मग माळ्यावर तो डबा कसला पडलाय, वहिनी मला दाखवत होत्या? स्प्रॉकेटच ना? बघ! झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली त्याने, तासभर वाचला त्याचा. लॉकिंग टूल लावलं होतं की मार्करने खुणा केल्या? खुणा. मग कंपनीचा किट असता तरी मी हमी दिली नसती.

उद्या असं कर. साइडचं कव्हर उघडायला सांग आणि स्वतः उभा राहा तिथे, मोबाइल बघत बसू नकोस. टेन्शनरचा दट्ट्या बराच बाहेर आलेला दिसला तर चेन लांबली समज. ऑइलच्या जाळीत प्लास्टिक सापडतंय का बघ. जुने भाग पिशवीत घालून घरी आण, मला दे. हातात घेतल्याशिवाय मला चैन पडायची नाही. आणि तोवर गाडी बाहेर काढू नकोस. लोणावळा-बिणावळा तर नाहीच.

हळू बोल, वकीलसाहेबांचं दार उघडलं. त्यांनी ती जुनी गाडी घेतली ना परवा, पेढे वाटले. तिला चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे. चेन निदान बोंबलते तरी, बेल्ट बिचारा आवाज न करता तुटतो. तो कधी बदललाय, बदललाय तर कुठला घातलाय, ह्यांनी विचारलंच नाही म्हणे! फक्त सीट कव्हर बघून घेतली. तू विचार की त्यांना, सहज. मी विचारलं तर त्यांना वाटतं, हिला लॅबमधून अजून रिटायर केलेलं नाही.