ती हातगाडी नव्हे!

उत्रेख्त, नेदरलँड्स
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना शि. सा. न.

आई, ग्रुपवरचा फोटो तू शेजारच्या काकूंना दाखवलास आणि ‘धाकट्याची नोकरी गेली, पोरांना हातगाडीवर बसवून काहीबाही विकतो’ अशी बातमी अख्ख्या वाड्यात पोचली, हे दादाकडून कळलं. तर आधी खुलासा. नोकरी शाबूत आहे. ती हातगाडी नाही, तिला इथे बाकफीट्स म्हणतात. पुढे दोन चाकं, त्यांवर लाकडी खोकं, मागे एक चाक आणि त्यावर मी. खोक्यात दोन्ही कार्टी, त्यांची दप्तरं आणि येताना पाच किलो कांदे. सेकंडहँडच घेतली, पण किंमत पत्रात लिहीत नाही. बाबांचं बीपी आहे.

गाडी विकलेली नाही. पण शाळा दीड किलोमीटरवर, किराणा त्याहून जवळ, आणि तेवढ्यासाठी गाडी काढली की वन-वे आणि बंद गल्ल्यांमुळे गावाला प्रदक्षिणा. घरी परत यावं तर आपली जागा दुसऱ्याने बळकावलेली. सायकलवाला मात्र नाकासमोर सरळ जातो. रस्ते मुद्दामच असे आखलेत की कोथिंबिरीसाठी गाडी काढणारा येडा ठरावा. हिने महिनाभर वाण्याच्या वहीसारखा हिशेब ठेवला. गाडीच्या 31 फेऱ्या, त्यांतल्या 24 पाच किलोमीटरच्या आतल्या. त्या 24 बंद, असा हुकूम निघाला. मग गाडी इतकी उभी राहिली की उभ्या उभ्या बॅटरी उतरली. शेजारचे आजोबा चार्जर घेऊन मदतीला आले. सायकलवरून.

मला वाटायचं, ही माणसं सायकलीसकटच जन्माला येतात. आजोबा म्हणाले, छे! 1971 साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर 3,000च्या वर माणसं गेली, त्यांत 400हून जास्त मुलं. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं ‘मुलांच्या हत्या थांबवा’. त्यात 1973ला तेलाची टंचाई आली आणि सरकारने काही रविवार गाड्याच बंद ठेवल्या. आजोबा तेव्हा हायवेवर चाकांचे बूट घालून फिरले होते. हे सांगताना सत्तरीच्या माणसाचे डोळे असे चमकले, की पुढचं भाषण मी मुकाट्याने ऐकलं.

माझी स्वतःची सायकल आहे जुनी, ‘आजीछाप’. पहिल्या दिवशी मी बाबांच्या ॲटलासवर मारायचो तसं सवयीने उलटं पेडल मारलं. आपल्याकडे नुसतं टरटर वाजतं. इथे तोच ब्रेक! सायकल जागच्या जागी थांबली, मी पुढे गेलो. बाकफीट्समधून थोरली ओरडली, ‘बाबा, परत करून दाखव!’

बरं, इथे चढ नाही म्हणून खूश होऊ नका. चढाचं काम वारा करतो. ऑफिसला जाताना तो समोरून येतो, परतताना दिशा बदलून पुन्हा समोरून. हे लोक त्याचीही स्पर्धा भरवतात. झीलंडमध्ये समुद्रावरच्या धरणावर, वादळाचा अंदाज आला की, बिनगिअरच्या सायकलीने 8.5 किलोमीटर वाऱ्याच्या तोंडावर. कसब्यात कुणी उन्हात वाळवण राखायची स्पर्धा ठेवेल का?

स्टेशनचं मात्र ऐकाच. स्टेशनाखाली तीन मजली सायकलतळ आहे, 12,500 सायकलींचा, पहिले 24 तास फुकट. आत सायकल चालवतच जायचं. सकाळी घाईत लावली, संध्याकाळी आलो तर कुठे लावली ते आठवेना. सगळ्या काळ्या, सगळ्या आजीछाप. चतुर्थीला सारसबागेबाहेर चपला शोधतात तसा पाऊण तास हिंडलो. एकीला माझी किल्ली लागतेय का बघत होतो, तर मागे तिची मालकीण उभी. चपला निदान घालून तरी बघता येतात.

आणि गणपती! मंडळातल्या एकाकडून शाडूची मूर्ती बाकफीट्समधूनच आणली. खाली गोधडी, दोन्ही बाजूंना दोन नातवंडं मूर्ती धरून, वर हिची छत्री. पावसाची भुरभुर. मी माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश. मागे सायकलींची ही रांग! एका बाईंनी घंटा वाजवली, तशी धाकट्याने खोक्यातली झांज वाजवून उत्तर दिलं. बाईंना ते आवडलं असावं. पुढच्या सिग्नलपर्यंत त्या घंटा वाजवतच आल्या. गाडीतून आणताना दर वर्षी बाप्पाचा कान नाहीतर बोट जायचं. यंदा सगळं जागेवर.

आता काम. माझ्या सायकलीचं चेनकव्हर तुटलंय आणि ऑफिसच्या दोन पँटी चेनने खाल्ल्या. बाबा खडकीला फॅक्टरीत जाताना पायाला लावायचे त्या स्टीलच्या क्लिपा माळ्यावरच्या ट्रंकेत असतील, मे महिन्यात येताना तेवढ्या आणा. चार असतील तर चारही आणा. बाबांसाठी सायकल बघून ठेवलीय. आई, तू मागे कॅरिअरवर बस. इथे डबलसीटला पोलीस पकडत नाहीत.

तुमचा,
हातगाडीवाला