तिकीट काढून जिवावर उदार

झांबेझी नदी जिथे 108 मीटर खाली कोसळते, त्या व्हिक्टोरिया धबधब्याच्या ऐन कडेला एक डोह आहे. नाव, सैतानाचा डोह. झांबियाच्या बाजूने लिव्हिंगस्टन बेटावरून तिथे उतरता येतं, तेही नदीला पाणी कमी असेल तेव्हाच. खडकाचा एक उंबरठा पोहणाऱ्याला अडवतो. त्यावर पालथं पडायचं, वाटाड्याने पाय धरायचे आणि दुसऱ्याने फोटो काढायचा. घरचा जिना कठडा धरून उतरणारी मंडळी इथे पैसे मोजून येतात.

पोहता न येणाऱ्यांनी हिरमुसायचं कारण नाही. इंग्लंडात ॲनिकच्या किल्ल्याशेजारी नॉर्थम्बरलंडच्या डचेसबाईंनी 2005 साली विषारी वनस्पतींची बाग उघडली. काळं लोखंडी फाटक, त्यावर कवटी. आत हात लावायचा नाही, हुंगायचं नाही, चाखायचं तर नाहीच नाही. गुलाबाच्या ताटव्यापुढे जांभया देणारे लोक इथे कोण कशाने मेलं ते कान टवकारून ऐकतात. गांजाचं रोपटं तर रीतसर सरकारी परवाना घेऊन उभं!

आणि या मानकऱ्यांत चक्क आपला एरंड. इकडे तो गटाराकाठी फुकट उगवतो. त्याच्या बीत रिसिन नावाचं जहाल विष असतं, हे खरं; पण ते तेलात उतरत नाही. म्हणून तर नाक दाबून एरंडेल पाजणाऱ्या आज्यांवर कधी खटले भरले नाहीत. ओसाड गावी एरंड बळी, असं आपण म्हणतो. तिकडे भरल्या बागेत, तेही तिकीट लावून.