कप्तान यंदा निघतात

मानखुर्दहून वाशीकडे जाणारी लोकल खाडीच्या पुलावर चढली, की डब्यातल्या माणसांचे तीन प्रकार पडतात. पहिले, मोबाइलमधून मान वर न काढणारे. दुसरे, पिशवीतलं निर्माल्य पाण्यात भिरकावून हात जोडणारे. तिसऱ्या प्रकारात एकच माणूस मोडतो. तो दाराशी उभा राहून शेजारच्या पुलाच्या खांबांवरची ओली रेघ न्याहाळतो आणि बाजूला कोण उभं आहे याची चौकशी न करता सांगतो, "पाणी उतरायला लागून पाऊण तास झाला." ऐकणाऱ्याला वाटतं, गृहस्थ सोसायटीच्या टाकीबद्दल बोलतायत.

हे आमचे कप्तान.

नोकरीत असताना कप्तान एका सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी समुद्राची आवक-जावक हाती घेतली. त्यालाही आता नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत दर दसऱ्याला, आपट्याचं पान हातावर ठेवता ठेवता, ते एकच वाक्य बोलत आले आहेत : "यंदा निघतो." कुठे? मालवणला. कसे? शिडाच्या होडीने, किनाऱ्याकिनाऱ्याने, रात्री बंदरात नांगर टाकत. त्यांचं 'निघतो' हे क्रियापद वर्तमानकाळातून भूतकाळात जायला अजून तयार झालेलं नाही.

अशी निघणारी माणसं प्रत्येक सोसायटीत असतात. कुणी पायी नर्मदा परिक्रमेला निघत असतो, कुणी गावी जाऊन हापूसची कलमं लावायला. फरक एवढाच, की बाकीच्यांना तुम्ही "कधी?" असं विचारलंत तर ते विषय बदलतात. कप्तानांना विचारलंत तर तुमचा रविवार जातो.

कारण त्यांच्याकडे उत्तर असतं, आणि पंचाईत अशी की ते बरोबर असतं. नारळी पौर्णिमेला नारळ दिला तरी दर्या लगेच शहाणा होत नाही. आश्विन सरता सरता पावसाळी वारा माघार घेतो. मग पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो, तोही वायव्येकडून. "म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याला सकाळी बाजूने वारा आणि दुपारी पाठीवर हात!" असं म्हणत कप्तान आपल्या पाठीवर हात ठेवतात. मालवण साधारण दोनशे सागरी मैल. रोज तीस मैल कापले तर आठवडाभरात गाव. येताना मात्र हाच वारा तोंडावर घ्यावा लागेल, म्हणून परतीचं तिकीट कोकण रेल्वेचं. ते ते दर वर्षी काढतात आणि दर वर्षी रद्द करतात. त्यांच्या सागरी मोहिमेचा रेल्वेला आजवर बरा फायदा झाला आहे.

भरतीसाठी त्यांना मोबाइल लागत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. खाडीत आत तेच पाणी जरा उशिरा पोचतं, म्हणून वर थोडी मिनिटं. जुलैत धो धो पाऊस लागला की आख्खी सोसायटी कप्तानांच्या दारात उभी असते. "आज अमावास्या. सव्वाअकराला पाणी फुगणार. कुर्ल्याला रूळ बुडायच्या आत निघा." लोक निघतात आणि वेळेवर पोचतात. दुसऱ्याने कधी निघावं हे कप्तानांइतकं अचूक सांगणारा माणूस अख्ख्या हार्बर लाइनवर नसेल.

समुद्राची ही ओढ लहानपणची. सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने मालवणला जायचे, त्याचं वर्णन ते डोळे मिटून करतात. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड. बऱ्याच बंदरांत बोट लांबच उभी राहायची आणि उतारूंना पडावात उतरवून किनाऱ्याला न्यायचे. त्या काळी बोट धक्क्याला लागत नसे, प्रवाशांना लागे.

"मी रात्रभर डेकवर असायचो," कप्तान म्हणतात.

"कठडा धरून," काकू आतून पुरवणी जोडतात.

त्या घरात दर्यावर्दी एक आणि खडक एक. दिलीप दोंदे 'म्हादेई' ही शिडाची नौका घेऊन 19 ऑगस्ट 2009 ला मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीला वळसा घालून 19 मे 2010 ला परत आले, ते कात्रण कप्तानांनी फ्रेम करून देवघराशेजारी लावलं आहे. काकूंनी त्याच्या खाली दुसरं कात्रण डकवलं : वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली 'तारिणी'वर नौदलाच्या सहा जणी 2017 च्या सप्टेंबरात गोव्याहून निघाल्या आणि पुढच्या मे महिन्यात जग फिरून परतल्या. "सहा बायका, एक शीड, आणि घरी फोनवर कुणी विचारलं नाही की माझा चष्मा कुठे आहे," असं त्या म्हणतात. दोंद्यांना पृथ्वीला नऊ महिने लागले. आमचे कप्तान नवव्या वर्षी ट्रॉम्बेच्या जेट्टीवर पोचले.

हो, पोचले. गेल्या कार्तिकातली गोष्ट. एकदम मालवण नको, आधी एक दिवस सराव म्हणून घारापुरीला वळसा, असं ठरलं. ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या एका नाखव्याने लहान होडी द्यायचं कबूल केलं. अट एकच, इंजिन काढायचं नाही आणि सोबत त्याचा मुलगा राहील. कप्तानांना इंजिन म्हणजे अपमान वाटला, पण त्यांनी तो गिळला.

प्रश्न शिडाचा. शिडाचं कापड कोण शिवणार? मानखुर्दमध्ये कापडाची टंचाई असेल, फ्लेक्सची नाही. टी जंक्शनवर उतरवून ठेवलेला एक फलक कप्तानांनी पैदा केला, गोवंडीत मशीन मारून घेतला आणि बांबूला अडकवला. त्यावर गॉगल घातलेल्या एका भावी नगरसेवकाचा चेहरा होता आणि वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. 'भावी' हा शब्द शिवणीत गेला. जे महिनोन्महिने होत नाही, ते एका टाक्यात झालं.

दिवस एकादशीचा. अकराची पाऊणपट, सव्वाआठ. सव्वाआठला पूर्ण भरती, ओहोटी सुरू झाली की तिच्याबरोबर सुटायचं. खाडीच पाठीवर बसवून बंदरात नेऊन सोडणार. उजव्या हाताला अणुकेंद्राचा किनारा, त्याच्यापासून लांब राहायचं. पुढे अटल सेतूखालून जायचं, डाव्या हाताला घारापुरी. हिशेबात बोट ठेवायला जागा नव्हती. बरोबर कोण? मी. माझी चूक एवढीच, की दसऱ्याला सोनं घेताना मी हसलो होतो.

आठ वाजता आम्ही जेट्टीवर हजर. नाखव्याच्या पोराने होडी पन्नासेक हात बाहेर नेऊन उभी केली होती, आम्हाला लहान डोंगीतून तिच्यावर सोडलं आणि डोंगी दुसऱ्या एका पोराने काठावर परत नेली. खाडी काठोकाठ, वर पोपटी तिवरं, खाली चकचकीत पाणी. कप्तानांनी भरल्या डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "आता निघायचं." आणि त्यांनी निघायला सुरुवात केली.

निघणं हा केवढा मोठा कार्यक्रम आहे हे मला त्या दिवशी कळलं. आधी सामानाची यादी वाचून झाली : होकायंत्र, मोबाइलमधलं होकायंत्र, दोन्हींनी वेगळी दिशा दाखवली तर पाहायला तिसरं. मग लाइफ जॅकेट, त्याची पट्टी कुणाच्या पोटावर बसेना. मग नारळ. नारळ घरी राहिला होता. माझं म्हणणं, नारळ पौर्णिमेला देऊन झालाय. यावर कप्तान गंभीर झाले. 17 जुलै 1947 ला रेवसला जाताना बुडालेल्या 'रामदास' बोटीची त्यांनी आठवण करून दिली. सहाशेहून जास्त माणसं गेली होती. "त्यांच्या घरचे आजही पाण्याला हात जोडतात. आपण कोण मोठे?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. काठावरच्या पोराला हाका मारून नारळ मागवला. तो आला तो शेंडी नसलेला. दुसरा आणायला गेलेला पोरगा चहा पिऊन आला. पूजा झाली. मग शीड चढवलं तर नेता उलटा. उतरवून पुन्हा चढवला. मग काकूंना पाठवायला फोटो. मग कप्तानांचं छोटंसं भाषण, त्यात कान्होजी आंग्रे आले आणि लवकर गेले नाहीत. नाखव्याचा पोरगा दोनदा म्हणाला, "काका, चला." कप्तान म्हणाले, "निघतोच आहोत."

अकराच्या सुमारास त्यांनी सुकाणू हातात घेतलं आणि आज्ञा केली, "नांगर उचला!"

पोरगा खाली वाकून बघत म्हणाला, "काका, पानी गेलाय."

खरंच गेलं होतं. होडीच्या चारही बाजूंना राखाडी चिखल पसरला होता, त्यावर निवट्या उड्या मारत होत्या आणि दोन बगळे आमच्याकडे बघत होते. चिखल कमरेएवढा, चालून जायची सोय नाही. पाणी परत येऊन होडी तरंगायला संध्याकाळ. पोराने डोक्यावर टॉवेल घेतला आणि तो झोपला. त्याला आमचा अंदाज सकाळीच आला असावा.

मला वाटलं, कप्तान कोसळतील. ते सुकाणूपाशी ताठ बसून राहिले. पाच मिनिटांनी हळूच म्हणाले, "घारापुरी मागे पडली."

मी वळून पाहिलं. मागे ट्रॉम्बेची जेट्टी होती.

पुढचे सहा तास मी कोकण पाहिलं. बारा वाजता खांदेरी आली. 1679 मध्ये तिथे शिवाजी महाराजांच्या माणसांनी इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या नाकावर टिच्चून कसा कोट उभारला, मोठ्या जहाजांना न जमणाऱ्या उथळ पाण्यातून लहान होड्या रात्री रसद कशा नेत, हे सांगताना कप्तानांनी चिखलात दोनदा सुकाणू फिरवलं. "उथळ पाण्यात लहान होडीच उपयोगी," ते म्हणाले. आमची होडी लहान होती आणि पाणी याहून उथळ होणं शक्य नव्हतं. जंजिऱ्याला आम्ही भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. बाणकोटला सावित्री नदी समुद्राला मिळते, तिथे कप्तानांनी टोपी काढली. दाभोळला मला डुलकी लागली, उठलो तेव्हा रत्नागिरी गेली होती.

"उठवलं नाहीत?"

"तुम्ही गाडीने पाहिलेली आहे."

तीनच्या पुढे वायव्येचा खारा वारा सुटला, कप्तान नऊ वर्षं सांगत होते तसाच, त्याच दिशेने. शीड फुगलं. भावी नगरसेवकाचे गाल भरले, छाती पुढे आली, गॉगल चमकला. सगळा नेता फुगून टरटरला आणि होडी जागची तसूभर हलली नाही. काठावर बघे जमले होते. मानखुर्दच्या मतदाराला हे दृश्य नवीन नव्हतं.

पण खरं सांगतो, विजयदुर्ग ओलांडेपर्यंत माझं हसू कधी ओसरलं ते मलाच कळलं नाही. चाळीस वर्षं मी या खाडीच्या काठी राहतो. नाक दाबून लोकलने पूल ओलांडण्यापलीकडे तिच्याशी माझा संबंध नाही. हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी इथे उतरतात, ठाणे खाडीच्या या अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला, आणि मला पाणी येतं-जातं एवढंही रोज कळत नव्हतं. हा माणूस चिखलात बसून दोनशे मैल दर्या दाखवत होता, आणि एकही बंदर मागेपुढे झालं नव्हतं.

साडेपाचच्या सुमारास चिखलातून पाण्याची जीभ आली. मग दुसरी. होडीच्या बुडाखाली काहीतरी कुजबुजलं, ती किंचित हलली, एका अंगावर कलली आणि अलगद उचलली गेली. सहा तासांनंतर कप्तान पुन्हा पाण्यावर होते. मी आनंदाने त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांचा चेहरा कोवळ्या तिवराच्या रंगाचा झाला होता. एक हात सुकाणूवर, दुसऱ्याने खिशातली आवळासुपारी चाचपत होते. होडी आणखी एकदा डुलली, तसा त्यांनी कठडा धरला.

"मालवण आलं," ते घाईने म्हणाले. "उतरा."

घरी पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. काकूंनी दार उघडलं, आमच्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे पाहिलं आणि काही न विचारता मोरीतला नळ सोडला. आत दोन ताटं मांडलेली होती. मोजून दोन.

कप्तान ताटावर बसले. आमटीचा वास घेतला, रंग हळूहळू परत आला. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. घास हातात ठेवून त्यांनी पुढचं पान उलटलं, बोटाने तिथी शोधली, ओठांतल्या ओठांत पाऊणपट केली.

"पहाटेची भरती पाहिजे," ते मला म्हणाले. "आणि नारळ आदल्या दिवशी."