हिरव्या आकड्याचा लोभ

ओपन सोर्स प्रकल्पांत माझा हातभार साधारण स्वल्पविरामाएवढा असतो. तो हलवला की गिटहब माझ्या नावापुढे हिरवा 'अधिक एक' आणि तांबडा 'उणे एक' मांडतं. एवढ्यावर कुणाची छाती फुगणार? पण आधी सवयीनं, जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारं 'एनपीएम इन्स्टॉल' चालवलेलं असलं, प्रकल्प जुना असला आणि माझ्याकडचं एनपीएम सातवं किंवा पुढचं असलं, तर ते बसवलेल्या पॅकेजांची नोंद ठेवणारी अख्खी पॅकेज-लॉक फाइल नव्या साच्यात लिहून काढतं. अधिक नऊ हजार! आमच्या घराण्यात कुळकर्णीपणाची दप्तरं धरूनही इतकं लिखाण झालेलं नाही. मी तो आकडा बायकोला दाखवतो. "हे सगळं तू लिहिलंस?" यावर मी विनयानं गप्प राहतो.

खरं तर उपाय साधा आहे. डिपेंडन्सी बदलायची नसेल तर 'एनपीएम सीआय' चालवावं. 2018 मध्ये आलेली ही आज्ञा फाइलीत आहे तेवढंच बसवते, फाइलीला शिवत नाही आणि पॅकेज-जेसनशी मेळ नसला तर अडून बसते. इतका तत्त्वनिष्ठपणा मला मानवत नाही. आकडा वाढत नाही ना!

यावरून लेफ्ट-पॅड आठवतं. मला ते कशावरूनही आठवतं. मजकुराच्या डाव्या बाजूला जागा भरणारं अकरा ओळींचं पॅकेज. मार्च 2016 मध्ये, दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला म्हणून, लेखकानं आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली आणि बेबेल या साधनासकट जगभरची बिल्डं कोसळली. "हे तर मीही लिहिलं असतं," असं त्या दिवशी प्रत्येक प्रोग्रामरला वाटलं. लिहिलं कुणीच नव्हतं, सगळ्यांनी आणलं होतं. पुढच्या वर्षीच्या मानकात जावास्क्रिप्टनं 'पॅडस्टार्ट' स्वतःच देऊन टाकलं, म्हणजे आता ते लिहिण्याची संधीही गेली. बरं, लॉकफाइलनं तेव्हा काही वाचवलं नसतं. तिच्यात मालाचा पत्ता आणि हॅश असतो, माल नसतो. सांगायची गरज नव्हती, पण लेफ्ट-पॅड निघालं की मला आवरत नाही.

मुद्दा प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरचा आहे. पुल रिक्वेस्टमध्ये गिटहब लॉकफाइल घडी घालूनच दाखवतं, आणि नेमकी तीच घडी उलगडायची असते. त्या नऊ हजार ओळींत कुणी एखाद्या पॅकेजचा पत्ता बदलून आपल्या सर्व्हरकडे वळवला आणि हॅशही त्याला जुळेल असा लिहिला, तर तपासणी सुखेनैव पार पडते. 2018 मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजमध्ये नव्या मेंटेनरनं एक लहानशी डिपेंडन्सी घुसवून बिटकॉइनच्या पाकिटांवर डोळा ठेवला होता. म्हणून दिवसभर नोकरी करून आलेला कुणी बिनपगारी माणूस रात्री माझ्या ओळी वाचत बसतो. माझी शोभा, त्याची झोप. त्यातून त्याचं उत्तरही सौम्य येतं: "लॉकफाइल वगळून पाठवाल का?" रागावला असता तर बरं झालं असतं.

हल्ली पुल रिक्वेस्टच्या वर्णनात मी पहिली ओळ लिहितो: 'लॉकफाइलला हात लावलेला नाही.' कुणी विचारलेलं नसतं. तरी मी ती ठळक अक्षरांत लिहितो, आणि पाठवण्याआधी एकदा बायकोला दाखवतो.