खंबा, खोका आणि चुंबक

दिवाळीच्या भेटीत आलेल्या दारूचा खोका उघडण्याची एक रीत आता ठरून गेली आहे. यजमान खोका आधी दोन्ही हातांनी मांडीवर घेतात. झाकण उचलतात आणि पाहुण्यांना बाटली दाखवायची सोडून झाकण पुन्हा मिटून दाखवतात. टक्. ''ऐकलंत? चुंबक आहे.'' पुन्हा उघडतात, पुन्हा टक्. मग पाहुण्यांपैकी एक जण, बहुधा साडूच, हात पुढे करून स्वतः वाजवून बघतो. बाटलीचं बूच अजून कोणी पाहिलेलं नसतं, ग्लास धुवायचे असतात, शेंगदाणे कढईत असतात आणि सगळी बैठक चुंबकावर खूश झालेली असते.

हे चुंबक राखण कशाची करतं? झाकणाची. झाकण आपोआप उघडलं तर बाटली दिसेल, धोका एवढाच. दारू सांडणार नाही, कारण बाटलीला बूच आहे. बूच निघणार नाही, कारण त्यावर सील आहे. सील तुटलंच तर खाली एकमार्गी झडप आहे, तिच्यातून माल बाहेर येतो, पण आत भरता येत नाही. या तिघांवरही भरवसा नसल्यासारखं वर जाड करड्या पुठ्ठ्याचं झाकण, त्यावर सोनेरी फॉइल, फॉइलवर उठावाची नक्षी, आत फोम, फोमवर साटीन आणि पुठ्ठ्याच्या पोटात दडवलेल्या चुंबकाच्या दोन-चार चकत्या. घरातल्या मंगळसूत्राच्या डबीला साधी कडी असते.

बरं, आतला ऐवज नाजूक म्हणावा तर तसंही नाही. मध सोडला तर घरातल्या पातळ पदार्थांत इतका न नासणारा दुसरा नसेल. भारतीय व्हिस्कीच्या बाटलीवर हमखास दिसणारा ४२.८ टक्के हा आकडा कुणा रसिकाने चव घेऊन ठरवलेला नाही. जुन्या ब्रिटिश मापात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याच्या २५ अंश खाली, म्हणजे लेबलावर छापतात ते '२५ यू. पी.', की हिशेब ४२.८ वर येतो. इंग्रजांनी ते माप १९८० मध्ये मोडीत काढलं, आपण निष्ठेने छापत राहिलो. ७५० मिलिलिटरच्या खंब्यात अल्कोहोल भरतं ३२१ मिलिलिटर, बाकी जवळजवळ सगळं पाणी. म्हणजे चुंबकाच्या पहाऱ्यातला निम्म्याहून मोठा हिस्सा हा तोच पदार्थ, जो मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरने येतो आणि तेव्हा टँकरचं झाकणही धड बसत नाही.

स्वस्त देशी व्हिस्कीचा आत्मा तर बहुतेक वेळा उसाच्या मळीतून निघालेला असतो. युरोपातल्या नियमाने व्हिस्की धान्याचीच लागते, त्यामुळे तिकडच्या दुकानात हिला ते नाव लावता येत नाही. नाव नाही तर नाही, शालू तरी भारी हवा.

आणि त्या शालूत ती आडवी झोपवलेली असते! वाइनची बाटली आडवी ठेवतात, कारण तिचं बूच ओलं राहावं लागतं. कडक दारूचं उलट आहे. तिच्यातलं अल्कोहोल बुचाचा कॉर्क खातं, म्हणून ती उभी ठेवायची. हे साधं शास्त्र दुकानातल्या फळीवर पाळलं जातं. तिथे खंबे रांगेत उभे असतात, क्वार्टर उभ्या असतात, निपसुद्धा उभी असते. फक्त सर्वांत महाग बाटली तेवढी साटिनच्या खळग्यात आडवी, बूच दारूत बुडालेलं. ज्याने हा खोका बेतला त्याने दारू कधी सांभाळलेली नाही, फक्त तिचा फोटो काढला आहे.

यजमानांना हे सांगून उपयोग नाही. ते ही बाटली फोडणारच नसतात. ''मुरू दे अजून,'' म्हणतात. स्कॉचला किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात काढावी लागतात, पीप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही, हे ब्रिटनच्या कायद्यात लिहिलेलं आहे. मुरण्याची क्रिया लाकडात होते, काचेत होत नाही. बाटलीत शिरली त्या दिवशी तिचं वय थांबलं. बारा वर्षांची बाटली मुलाच्या मुंजीपासून लग्नापर्यंत कपाटात ठेवली तरी ती बारा वर्षांचीच राहते. वाढतं ते यजमानांचं वय, आणि खोक्याच्या कोपऱ्याला सुटलेला पापुद्रा.

चुंबकाविषयी जरा जास्तच बोलणं होतंय, पण इलाज नाही. हे चुंबक साधं नसतं. फ्रिजच्या दाराच्या पट्टीत असतं ते इथे चालत नाही, त्याने मनासारखा 'टक्' येत नाही. पुठ्ठ्यात लपेल इतकं पातळ आणि तरी झाकण खेचून घेईल इतकं जोरकस चुंबक लागतं, म्हणजे निओडिमियमचं. निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं हे चुंबक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी घडवलं, आणि ते पवनचक्क्यांत, संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारींत जाऊन बसलं. जगातली बहुतेक अशी चुंबकं आज चीनमध्ये बनतात. २०२५च्या एप्रिलमध्ये चीनने काही दुर्मीळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हा भारतातल्या वाहन उद्योगाच्या तोंडचं पाणी पळालं. चुंबक नाही तर मोटार नाही, मोटार नाही तर गाडी नाही, अशी ओरड झाली. त्याच वर्षीच्या दिवाळीत दिवाणखान्यादिवाणखान्यातून टक्-टक् चालूच होतं. जाणकार लगेच सांगतील की गाडीच्या मोटारीला तापूनही जोर न सोडणारं चुंबक लागतं, त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालावं लागतं, अट त्यांच्यावर होती, खोक्यातलं चुंबक हलक्या प्रतीचं असतं. कबूल. पण निओडिमियम तेच ना? डोंगर फोडायचा, खडक दळायचा, आम्लाची अंघोळ घालायची, एकमेकांना चिकटून बसलेली मूलद्रव्यं वेगळी करायची, विषारी पाण्याची तळी मागे सोडायची आणि इतकं करून हाती आलेल्या धातूला आयुष्यात काम काय द्यायचं, तर एका बिल्डरच्या साडूला लक्ष्मीपूजनाच्या रात्री करमणूक! त्यानंतर खोका माळ्यावर. चुंबक पुठ्ठ्यात सरसाने चिकटवलेलं, त्यामुळे ते परत कुणाच्या हाती लागत नाही. आणि ज्याला खरोखर वेष्टणाची, थंडाव्याची, पहाऱ्याची गरज आहे तो माल काय करतो? नाशिककडचा कांदा चाळीत सडतो. टोमॅटो भाव पडला की रस्त्यावर ओततात. देवगडचा हापूस अजून गवतात आणि कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळून मुंबई गाठतो आणि पेटीतली चार फळं डागाळली तर तोटा बागाईतदाराच्या डोक्यावर. कांद्याच्या चाळीला अनुदान मिळवायचं तर सात-बारा, आधार, पासबुक, फोटो, पुन्हा फोटो. चार दिवसांत सडणाऱ्या फळाला गवत आणि शंभर वर्षंही न सडणाऱ्या दारूला फोम! हा शहाणपणा कुठल्या शाळेत शिकवतात, त्या शाळेला एकदा टाळं ठोकलं पाहिजे.

असो. खोक्याचं मूळ पाहायचं तर ते कायद्यात आहे. दूरचित्रवाणीवर दारूच्या जाहिरातीला १९९४च्या केबल नियमांनी मनाई केली, म्हणून दारू सोड्याच्या, गाण्यांच्या सीडीच्या वेषात येऊ लागली. सोड्याची जाहिरात बघून कोणी सोडा घेतला असेल असं वाटत नाही. उरली ती दुकानातली फळी आणि दिवाणखान्यातलं टेबल. तिथे खोका हाच फलक. या फलकावर १ एप्रिल २०१९ पासून 'मद्यपान आरोग्यास घातक आहे' अशा अर्थाचा इशारा सक्तीचा झाला, आणि २०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीसाठी त्याची अक्षरं किमान ३ मिलिमीटर उंच हवीत असा दंडक आला. किमान म्हटलं की कारखानदाराला कमाल कळतं. हाताएवढ्या सोनेरी हरणाच्या खुराखाली तीन मिलिमीटरचं आरोग्य उभं असतं, तेही चकाकत्या पृष्ठभागावर, चष्मा लावूनही न दिसणारं. त्यात आता २०२५च्या जुलैत भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. स्कॉचवरचं १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. किंमत उतरली तर देणाऱ्याची पत कशावरून कळणार, हा खरा राष्ट्रीय प्रश्न आहे. उत्तर तयार आहे: चकत्या वाढवा.

काही मंडळी खोक्यावर थांबत नाहीत. ती दारू बाटलीतून काढून नक्षीदार स्फटिकाच्या चंबूत ओततात आणि चंबू दिव्याखाली मांडतात. जुन्या पद्धतीच्या या स्फटिकात शिसं असतं, चमक त्याचीच. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा चंबूत पाच वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या ब्रँडीत लिटरमागे वीस हजार मायक्रोग्रॅमच्या वर शिसं सापडलं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा आहे १० मायक्रोग्रॅम. हल्ली बिनशिशाचं स्फटिकही मिळतं, पण वडिलांच्या वेळचा चंबू कोण टाकतो? यकृताचं काम दारूने करायचं, मेंदूचं काम भांड्याने.

न्यू जर्सीहून येणाऱ्या भाच्याचे हाल निराळे. कस्टम्सची सवलत माणशी दोन लिटरची, म्हणून तो विमानतळावर दोन बाटल्या घेतो. दोन लिटर दारूला खोके असे की हातातल्या बॅगेत मामीसाठीच्या बदामांनाही जागा उरत नाही. तिथला कर्मचारी तो मखमली, सोनेरी, चुंबकी खोका उचलतो आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकून तोंड चिकटवून देतो. सुरक्षा तपासणीत खोक्यावर कोणाचा विश्वास नसतो, असतो तो पिशवीवर.

प्लॅस्टिकचं निघालंच म्हणून. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत मिठाईच्या खोक्याभोवतीची प्लॅस्टिकची झिल्ली आहे, निमंत्रणपत्रिकेची आहे, सिगारेटच्या पाकिटाचीही आहे. दारूच्या खोक्याचं नाव नाही. पाव किलो काजू कतलीवरची झिल्ली पर्यावरणाला घातक, खंब्याच्या खोक्यावरची बहुधा पौष्टिक. कोपऱ्यावरचा मिठाईवाला दंडाच्या भीतीने सुतळी बांधतो. चीनने तरी २०२३च्या सप्टेंबरपासून खाद्यपदार्थांच्या वेष्टणाचे थर आणि आतली मोकळी जागा यांना सक्तीची मर्यादा घातली. खोक्यात खोका, त्यात खोका, हा खेळ त्यांनी आपल्या आधी खेळून पाहिलेला आहे. इतकी चुंबकं बनवणाऱ्या देशाला ती कुठे लावू नयेत हेही कळलं असावं.

गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी आणि नंतरही गावातली फेणी वेताच्या विणीत बसवलेल्या मोठ्या काचेच्या बुधल्यात राहिली. घरची रिकामी बाटली घेऊन जायचं, भरून आणायची, बुचाला कागदाचा बोळा. फेणीला काही झालं नाही. आता तीही शहरात आली की काळ्या खोक्यातून उतरते.

रद्दीवाला खोका घेत नाही. पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा, त्यावर धातूचं फॉइल, आत फोम, मध्ये चुंबक. ''लगद्यात जात नाही, साहेब,'' म्हणतो आणि वजनकाट्यावरून खाली ठेवतो. बाटली घेतो, काचेच्या भावाने. मात्र खोका आणि बाटली दोन्ही धड असतील तर विचारणारा दुसराच कोणी असतो. तो भाव पाडून मागत नाही, रद्दीवाल्याच्या कितीतरी पट देतो. नकली माल भरणाऱ्यांना नेमकं हेच हवं असतं: खरी बाटली, खरं लेबल, खरा खोका. एकमार्गी झडपेला वाट काढणारे कारागीरही त्यांच्याकडे असतात. आत काय आहे ते पिणारा तसंही झाकणाच्या आवाजावरून ठरवतो, तेव्हा स्वस्तातली दारू टक् म्हणत महागात जाते. कधी तरी छापा पडतो. टेबलावर बाटल्यांची रांग, मागे साध्या वेशातले हवालदार, असा फोटो छापून येतो. मग मुद्देमाल खाकी कागदात गुंडाळतात, सुतळी आवळतात, गाठीवर लाख ओततात, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी डकवतात, आणि यादीत दारूची किंमत लिहून झाली की खाली कारकून लिहितो: पुठ्ठ्याचा खोका, नग एक, किं. अं. ००.०० रुपये.