‘मॅच्युअर’ शब्द कसा वापरावा: नामपुरात नव्याने आलेल्यांसाठी

शाळेत या शब्दाचा अर्थ ‘परिपक्व’ असा पाठ केला असेल, तर तो आधी विसरा. मोसम नदीच्या दोन्ही काठांवर परिपक्व कुणी म्हणत नाही. इथे भेंडी जून होते, कांदा तयार होतो, लोणचं मुरतं, पोरगा शहाणा होतो आणि पॉलिसी तेवढी मॅच्युअर होते, तीही तारीख छापून. शब्दांची अदलाबदल करू नये. खात्री करायची असल्यास सासूबाईंना जून म्हणून पाहावं.

पहिला धडा कांद्याचा. इथे बागलाणात तो सगळ्यांना येतो आणि तुम्ही चुकलात तर सांगायला लोक वाट वाकडी करून येतात. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याच्या वाफ्यापाशी उभं राहा. पात ताठ असेल तर तोंड उघडू नका. निम्म्या पाती मानेतून आडव्या झालेल्या दिसल्या की ‘माना पडल्या’ एवढंच म्हणा. पाणी कधी तोडलं आणि शेजाऱ्याने ते कसं उशिरा तोडलं, हे मालक आपणहून सांगेल. जाड, ओल्या मानेचा कांदा चाळीत सडतो. म्हणून काढल्यावर तो पातीखाली झाकून शेतातच सुकवतात आणि बोटभर मान ठेवून पात कापतात. फुलाचा दांडा आलेला कांदा म्हणजे डेंगळा. तो घाईने मोठा झालेला असतो. साठवणीत त्याला जागा नाही.

खरी परीक्षा बाजार समितीच्या आवारात. ट्रॉलीचा फाळका पडतो. व्यापारी वरचे कांदे सोडून आत हात घालतो, खालचे दोन काढतो, मानेशी अंगठ्याने दाबतो, पत्ती चोळून बघतो आणि पुकारा सुरू होतो. एवढ्या वेळात शेतकरी चकार शब्द बोलत नाही. ‘माझा कांदा फार मॅच्युअर आहे हो,’ असं ओरडून सांगणारा आजवर कुणी पाहिलेला नाही. नवशिक्याने इथे वही काढून लिहून घ्यावं: तयार आहे की नाही, हे दुसऱ्याने दाबून ठरवायचं असतं.

द्राक्षाची भाषा निराळी. मण्यात ‘पाणी उतरलं’ म्हणजे तो नरम पडू लागला. गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर बघतात आणि ब्रिक्समध्ये सांगतात. इथले बागायतदार इतरांच्या आधी छाटणी करून अर्ली माल घेतात. भाव चांगला मिळतो. अवकाळी पावसाने मणी तडकले तर तेही इतरांच्या आधी. डाळिंब फुलापासून 5-6 महिने घेतं. आणखी एक गोष्ट: द्राक्ष काय, डाळिंब काय, तोडल्यावर पुढे पिकत नाही. आंब्यासारखी आढी लावून उपयोग नाही. हे वाक्य माणसांना लावायचा मोह होईल. आवरा.

आता माणूस. त्याला दाबून बघायची सोय नाही, म्हणून शब्दच भरमसाट. ते शिकायला लग्नाच्या बोलणीत मागच्या सतरंजीवर बसावं. ‘मुलगा समजदार आहे’ म्हणजे आईपुढे बोलत नाही. ‘मुलगी समंजस आहे’ म्हणजे तिला अजून विचारलेलं नाही. ‘पोक्त वाटते’ हा सभ्य नकार. पुण्याहून आलेल्या बायोडेटात ‘मॅच्युअर’ दिसलं तर जन्मसाल पुन्हा वाचा. ‘चांगला मुरलेला आहे’ हे लोणच्याबद्दल चाललंय की पुढाऱ्याबद्दल, ते वाक्य संपेपर्यंत कळत नाही. घाईने मान डोलावू नये.

एवढ्या गोंधळापेक्षा कायदा बरा, असं वाटेल. तिथे आकडे आहेत, पण एक नाही. 1875 च्या कायद्याने माणूस 18 व्या वर्षी सज्ञान होतो. मतदानाला मात्र 21 लागत. 1988 च्या 61 व्या घटनादुरुस्तीने ते 18 वर आणले. मुलाच्या लग्नाला 21 अजून कायम आहेत. म्हणजे पोरगा खासदार निवडायला आधी तयार होतो, बायको निवडायला 3 वर्षांनी.

आणि सातबाऱ्याला तर 18 सुद्धा कळत नाहीत. वडील लवकर गेले आणि जमीन लहान मुलाच्या नावे लागली, की त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असा शेरा पडतो: अज्ञान पालनकर्ता, आणि पुढे आईचं किंवा काकाचं नाव. मुलगा वाढतो, लग्न करतो, त्याच्या डोक्यावरचे केस पिकतात. शेरा जिथल्या तिथे. ज्यांच्या शब्दावर भाऊबंदांच्या वाटण्या होतात, ते आबा सरकारदरबारी अज्ञान असू शकतात. कळतं कधी, तर कर्जाचे कागद करताना नाहीतर खरेदीखताच्या दिवशी.

तेव्हा शेवटची कृती एवढीच: आजच सातबारा काढून बघा. शेरा असेल तर वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज द्या (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं). फेरफार मंजूर होईपर्यंत थांबा. तो शेरा आपोआप निघत नाही, मग वय कितीही होवो.